टायरवर जे लिहिलेलं नसतं

जून २०२२मध्ये गुडइयर या अमेरिकन कंपनीने आपले सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत बोलावले. गाड्यांच्या धंद्यात अशा बातम्या येतच असतात. या बातमीत विचित्र होती ती तारीख. 'जी-१५९' नावाचा हा टायर कंपनीने शेवटचा बनवला होता २००३मध्ये. म्हणजे कारखान्यातून शेवटचा नग बाहेर पडल्यानंतर एकोणीस वर्षांनी कंपनी म्हणत होती, तुमच्याकडे असेल तर परत द्या. त्या वर्षी जन्मलेली मुलं तोवर कॉलेजात पोचली होती.

हे टायर मुख्यतः मोटरहोमवर बसवलेले होते. मोटरहोम म्हणजे चालतं घर: बसएवढी गाडी, आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम, पाण्याच्या टाक्या. अमेरिकेत निवृत्त झालेली जोडपी अशी घरं घेऊन महिनोन्‌महिने देशभर फिरतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि मोटरहोममध्ये कधी पाऊलही ठेवलेलं नाही. या विषयात शिरले ती माझ्या आतेभावामुळे. दादा कोलोरॅडोत राहतो. त्याने मित्रासोबत एक जुनं मोटरहोम विकत घेतलं आणि मला सहाही टायरचे फोटो पाठवले. 'नक्षी तर नव्यासारखी आहे, पण दुकानदार बदला म्हणतोय. तू वाचत बसतेस ना सगळं, बघ गं जरा.' मी बघायला लागले आणि टायरच्या खरेदीऐवजी टायरच्या इतिहासात जाऊन पडले. कारण टायरच्या बाजूवर उठवलेलं प्रत्येक अक्षर तिथे कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी आणलेलं आहे.

सुरुवात मापापासून करू. मोठ्या मोटरहोमच्या टायरवर असं काहीतरी लिहिलेलं असतं: २७५/७० आर २२.५. यातलं २७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरची उंची, पण रुंदीच्या टक्केवारीत. आणि २२.५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत तीन एककं! कोड रिव्ह्यूला असं कुणी आणलं असतं तर आम्ही परत पाठवलं असतं. पण ही ओळ कुणी एकाने बसून ठरवलेली नाही. इंच जुने आहेत, मिलिमीटर नंतर आले, आणि आधीचं मोडायची कुणाची छाती झाली नाही.

त्या २२.५ मधला अर्धा इंचही काहीतरी सांगतो. आपल्याकडे ट्रकच्या टायरवर वर्षानुवर्षं १०.००-२० हा आकडा दिसत आला: वीस इंची रिम, आत ट्यूब, ट्यूबखाली फ्लॅप. अवजड गाड्यांचे ट्यूबलेस टायर आले ते साडेसतरा, साडेएकोणीस, साडेबावीस अशा मापांत. रात्रीच्या व्होल्वोने पुण्याहून गावी जात असाल, तर तुमच्या सीटखालीही साडेबावीसचाच टायर फिरत असतो. दादाच्या घराचा आणि तुमच्या ट्रॅव्हल्सचा टायर एकाच खानदानातला आहे. हे नातं पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

मधलं 'आर' हे अक्षर रेडियलचं. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९४९मध्ये असे टायर बाजारात आणले. त्याआधीच्या टायरमध्ये कापडाचे थर एकमेकांवर तिरके रचलेले असत. जितके थर जास्त, तितका टायर दणकट. म्हणून टायरची ताकद थरांच्या संख्येने सांगायची पद्धत पडली. आज ट्रकच्या रेडियल टायरच्या अंगात पोलादी तारांचा बहुधा एकच थर असतो आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. तरीही दुकानदार 'सोळा प्लाय' म्हणतो आणि टायरवर 'लोड रेंज एच' लिहिलेलं असतं. जी म्हणजे चौदा, एच म्हणजे सोळा. थर गेले, मोजणी राहिली.

आता टायरचा जन्मदाखला. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. २०००च्या आधी तिथे तीनच आकडे असत: दोन आठवड्याचे, एक वर्षाचा. म्हणजे ४०८ लिहिलेलं असेल तर टायर १९८८चा की १९९८चा, हे कळायला मार्ग नाही. वायटूकेची गोष्ट आम्हाला कॉलेजात सांगतात: दोन आकडे वाचवायला शतक गाळलं आणि मग जगभर धावपळ झाली. टायरवाल्यांनी तर एकच आकडा ठेवून दशक गाळलं होतं! चौथा आकडा आला तो २००० साली. गंमत म्हणजे जी-१५९चं उत्पादन या बदलाच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. १९९९पर्यंतच्या टायरवर तीन आकडे, नंतरच्यांवर चार.

हे जन्मसाल कारपेक्षा मोटरहोमला जास्त महत्त्वाचं. कारचा टायर झिजून मरतो. मोटरहोम वर्षातले बरेच महिने अंगणात उभं असतं, त्यामुळे त्याचा टायर म्हातारा होऊन मरतो. रबरावर ऑक्सिजन आणि ओझोनचा परिणाम सतत होत असतो, आणि उष्णतेने तो वाढतो. यापासून बचावासाठी रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तशी ती पृष्ठभागाकडे सरकतात. उभ्या गाडीत हे घडत नाही. वरून नक्षी दाट, काळीभोर, आणि आत पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर कडक झालेलं, अशी अवस्था सहज येते. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. मिशलँ म्हणते की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात मात्र टायरला 'एक्सपायरी डेट' नाही. दादाच्या टायरवरचे शेवटचे दोन आकडे १४ होते. दुकानदार बरोबर होता.

इथपर्यंत सगळं वाचण्यासारखं, समजून घेण्यासारखं आहे. पण टायर निवडताना जे सगळ्यात महत्त्वाचं, ते टायरवर लिहिलेलं नसतं: हा टायर कुठल्या कामासाठी घडवला होता? त्यासाठी २००० सालाकडे पुन्हा यावं लागतं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिजस्टोन-फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. वेगात असताना टायरची साल पट्ट्यांसकट सोलून निघे, गाडी हातातून जाई आणि उलटे. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा यंत्रणेने, म्हणजे नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, अखेरीस या टायरशी २७१ मृत्यू जोडले.

हे आधी कळलं असतं का? जुलै १९९८मध्येच स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या एका विश्लेषकाने या यंत्रणेला ईमेल करून अशा २१ प्रकरणांची माहिती दिली होती. त्यावर काही हललं नाही. १९९९मध्ये फोर्डने सौदी अरेबियात हे टायर बदलून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या यंत्रणेला ते कळवण्याचं बंधन तेव्हा नव्हतं. फेब्रुवारी २०००मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या टीव्ही वाहिनीने बातमी केली, तेव्हा लोकांचे फोन सुरू झाले. माहिती होती, पण तुकड्या-तुकड्यांत, वेगवेगळ्या कपाटांत. ती एका टेबलावर आणायची कुणाचीच जबाबदारी नव्हती.

१ नोव्हेंबर २००० रोजी 'ट्रेड अ‍ॅक्ट' नावाचा कायदा झाला. कंपन्यांनी मृत्यू-जखमींचे दावे आणि परदेशातल्या माघारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक झालं. टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणारा दिवा याच कायद्यातून आला. आज आपल्याकडच्याही अनेक गाड्यांमध्ये तो दिसतो.

पण या दिव्याच्या नियमाला एक कुंपण आहे. तो १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण ४,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनमर्यादेच्या गाड्यांना लागू आहे. टायरच्या नव्या, कडक चाचण्याही हलक्या गाड्यांच्या टायरपुरत्याच. अवजड टायरचा मूळ नियम १९७०च्या दशकातला. २०१०मध्ये त्यात सुधारणा करण्याचा प्रस्ताव आला होता. मोठं मोटरहोम कुंपणाच्या पलीकडे राहतं. ते चालवायला दोन सुट्टीकर आजी-आजोबा, पण कायद्याच्या लेखी टायर ट्रकचा.

तो ट्रकचा का, हे मोटरहोमच्या धंद्याच्या रचनेत आहे. विनेबेगो कंपनी आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी नावाच्या छोट्या गावातली. १९६६मध्ये तिने मोटरहोम बनवायला घेतली आणि हे चालतं घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. पण मोटरहोम बांधणारा सहसा चासी बांधत नाही. चासी ट्रक किंवा बसची चासी बनवणाऱ्याकडून येते, टायर तिसऱ्याच कंपनीचे. घर बांधणारा त्यावर लाकूड, काच, जनरेटर, टाक्या चढवतो. मग मालक त्यात भांडी, सायकली, पाणी, कुत्रा भरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ही डिपेंडन्सीची साखळी आहे. प्रत्येक दुवा म्हणतो, माझा भाग स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे. पूर्ण भरलेली गाडी उन्हाळ्यात सहा तास हायवेवर पळते तेव्हा काय होतं, हे तपासायचं काम नेमकं कुणाचं?

या फटीत जी-१५९ सापडला. २००३मध्ये एका कुटुंबाचं मोटरहोम रस्ता सोडून उलटलं. गाडीवर जी-१५९ टायर होता. कुटुंबाने अ‍ॅरिझोनाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की मोटरहोमवर, हायवेच्या वेगात जी उष्णता तयार होते ती सोसण्यासाठी हा टायर घडवलेलाच नव्हता. त्यांच्या वकिलाने कंपनीच्या अंतर्गत चाचण्यांचे निकाल पुनःपुन्हा मागितले. ते मिळाले नाहीत. खटला उभा राहायच्या तोंडावर, २०१०मध्ये, दोन्ही पक्षांनी तडजोड केली.

काही महिन्यांनी त्या वकिलाने वर्तमानपत्रात वाचलं की याच टायरच्या दुसऱ्या एका खटल्यात कंपनीने चाचण्यांचे असे निकाल सादर केले आहेत, जे त्याने कधी पाहिलेच नव्हते. ताशी ५५ ते ६५ मैलांच्या, म्हणजे साधारण ८८ ते १०५ किलोमीटरच्या वेगात हा टायर नेहमीपेक्षा जास्त तापत असल्याचं त्यात दिसत होतं. न्यायाधीशांनी कंपनीला आणि तिच्या वकिलांना २७ लाख डॉलर भरायला सांगितले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१७चा 'गुडइयर विरुद्ध हेगर' हा निकाल अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी वाचतात. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलं की माहिती दडवल्यामुळे जितका खर्च वाढला तितकाच वसूल करता येईल, सगळा नाही. रकमेच्या मुद्द्यावर कंपनीची सरशी झाली. पण केगन यांच्या निकालपत्रात त्या चाचण्यांची हकीकत आली आणि आता ती कुणालाही वाचता येते.

त्याआधी तसं नव्हतं. या टायरवरचे बरेच दावे तडजोडीने मिटले होते आणि कागदपत्रं गोपनीयतेच्या आदेशांखाली होती. एका खटल्यातल्या वकिलाला दुसऱ्या खटल्यातलं काही माहीत नाही, आणि सरकारी यंत्रणेलाही ते कागद देता येत नाहीत. डिसेंबर २०१७मध्ये यंत्रणेने तपास सुरू केला. फेब्रुवारी २०२२मध्ये तिने कंपनीला टायर परत बोलावण्याची विनंती करणारं पत्र पाठवलं. यंत्रणेच्या म्हणण्यानुसार १९९८ ते २००९ या काळात या टायरमुळे झालेल्या अपघातांत ८ जण मेले आणि ६९ जखमी झाले. कंपनीची भूमिका शेवटपर्यंत हीच होती की टायरमध्ये दोष नाही. गाडीत जास्त भार किंवा टायरमध्ये कमी हवा असेल तर धोका निर्माण होतो.

इथे थांबून टायर तापतो म्हणजे काय होतं ते बघू. टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो, उचलला की सुटतो. मिनिटाला काही शे वेळा. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा रबरातच अडकते आणि उष्णता होते. भार वाढला किंवा हवा कमी झाली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. सगळ्यात जास्त ताण पोलादी पट्ट्यांच्या कडांना. तिथलं रबर सुटायला लागलं की एक दिवस साल निघते.

जी-१५९ हा शहरात माल पोचवणाऱ्या ट्रकांना साजेसा टायर होता, असं त्याच्यावर दावे लावणाऱ्यांचं म्हणणं होतं. तसा ट्रक दर दोन चौकांनी थांबतो, टायर निवतो, माल उतरत जातो तसा भार घटतो. मोटरहोमचा भार उतरतच नाही. घर कायम भरलेलं, आणि वाळवंटातून सरळ पाच-सहा तास एकाच वेगात. मग 'टायर वाईट होता' आणि 'टायर चांगला होता, भार जास्त होता' ही वाक्यं वाटतात तेवढी विरुद्ध नाहीत. टायर आणि काम यांची जोडी चुकली होती. ती कुणी लावली आणि चुकल्याचं कुणाला कधी कळलं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर सोळा-सतरा वर्षं सीलबंद पाकिटांत राहिलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी दादाला जे लिहिलं, त्यात ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी होतं. आधी गाडी पूर्ण भर, लिहिलं. पाणी, गॅस, डिझेल, माणसं, सायकली. मग ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर ने आणि जमलं तर प्रत्येक टोकाचं वेगळं वजन घे. कारण मोटरहोमची एक बाजू बरेचदा जड असते: फ्रिज, टाक्या, ओटा एकाच बाजूला. एका अ‍ॅक्सलवर जी बाजू जड भरेल, तिच्या वजनाने कंपनीच्या तक्त्यात हवा बघायची आणि त्या अ‍ॅक्सलच्या सगळ्या टायरमध्ये तेवढीच भरायची. मागच्या जोडचाकांत एकाची हवा कमी असली की त्याचा भार शेजारी उचलतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. वजन कळल्यावर लोड रेंज ठरव, अगदी काठावरची नको. मग विचार की हा टायर सलग हायवेसाठी घडवला आहे की शहरातल्या फेऱ्यांसाठी. आणि पैसे द्यायच्या आधी प्रत्येक टायरचे शेवटचे चार आकडे स्वतः वाच. 'नवा' म्हणजे न वापरलेला, ताजा असेलच असं नाही.

दादा काट्यावर गेला. पुढचा अ‍ॅक्सल त्याच्या अंदाजापेक्षा बराच जड भरला. दुकानदाराने सुचवलेला टायर मापाने बसत होता, पण पुढच्या वजनाला जेमतेम पुरत होता. त्याने त्याच मापात वरच्या लोड रेंजचे सहा टायर घेतले. रिमला तेवढी हवा सोसते का, हेही आधी विचारून घेतलं. हवा कळवणारे सेन्सर वेगळे विकत घेऊन बसवले, कारण कायद्याने त्याच्या गाडीला तो दिवा दिलेला नव्हता.

टायरच्या बाजूवर जागा मर्यादित आहे. तिथे माप मावतं, भार मावतो, जन्मतारीख मावते. ही अक्षरंही आपोआप आलेली नाहीत. काहींच्या मागे नियम आहेत, नियमांच्या मागे अपघात. उरलेली माहिती कुठेतरी दुसरीकडे असते: चाचणीच्या अहवालात, विमा कंपनीच्या फायलीत, न्यायालयाच्या कपाटात. आज अमेरिकेच्या त्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर कुणीही टायरचं नाव टाकून शोधू शकतं. मी टाकून पाहिलं. जी-१५९ तिथे सापडतो. २००३मध्ये, ते मोटरहोम रस्त्यावर निघालं तेव्हा, सापडला नसता.